फुलसावंगीच्या सरगुंड्यांबद्दल खुलासा

तीर्थरूप नलूबाईस,

धाकट्या धर्मपालचा उभ्याउभ्याच जयभीम. साष्टांग आपल्यात बसत नाही, अन् बसत असता तरी पोट मधात आलं असतं (आता तितकं येत नाही, सगळा तमाशा त्याचाच आहे). तुझा पाय कसा आहे? प्लास्टरमध्ये खाज सुटली की तू विणायची सुई घालते असं कानावर आलं. घालू नको, आमच्या गल्लीतल्या एका बाईची सुई आतच राह्यली होती. बीपीची गोळी घेते ना? रागाचं काही विचारत नाही, तो ठणठणीत आहे हे तू माझा नंबर ब्लॉक केला तेव्हाच समजलं. विमल माझी बायको असून तुझ्याकडं लोहाऱ्याले येऊन बसली, अन् तिथं पोचल्या पोचल्या तिनंही मले ब्लॉक केलं. तुझ्या वैष्णवीनं तर फोन बंद करून तांदळाच्या डब्यात टाकला म्हणे (हे विमलनं ब्लॉक करायच्या आधी सांगतलं, मग ब्लॉक केलं). म्हणून शेवटी कागद-पेन घेतला. चिठ्ठीले ब्लॉक करता येत नाही. फाडता येते, पण तू फाडायच्या आधी एकदा वाचशीनच, लहानपणापासून तुझा स्वभाव मले माहीत आहे.

तुझं म्हणणं एवढंच ना, की भाऊजी गेल्यावर वैष्णवीच्या बापाच्या जागी तिचा मामा, अन् त्या मामानं पोट्टीची जुळत आलेली सोयरीक दोन उकडलेल्या अंड्यायसाठी मोडली? बाई, अंडी दोन नव्हती, चार होती. बाकी सगळं खरं आहे. वैष्णवीले तो पोरगा मनापासून आवडला होता हेही मले ठाऊक आहे; त्याचं नाव निघालं की ती उगाच चहा ठेवायले उठायची. पण गुन्हेगारालेसुद्धा दोन शब्द बोलू देतात, तर माझं ऐकून घे.

सुरुवात अशी झाली. उन्हाळ्यात जिनिंग बंद पडते हे तुले माहीत आहे. कापूस नाही म्हणजे गाठी नाही, गाठी नाही म्हणजे त्या दाबायचा प्रेस नाही, अन् प्रेस नाही म्हणजे धर्मपाल दिवसभर बाजीवर पडून मोबाइल पाहून राह्यला. रिकाम्या माणसाले आजार लवकर सापडते. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं तर साखर थोडी वर निघाली. तिथली डॉक्टरीण बाई एकदम साधी. म्हणे, काका, भात अर्धा करा, भाकर चालू द्या, चहातली साखर सोडा, अन् संध्याकाळी बसस्टँडपर्यंत पायी जाऊन या. झालं! आता तूच सांग, असल्या बिनामसाल्याच्या सल्ल्यानं कोणाचं समाधान होईन? ना इंजेक्शन, ना भीती, ना काही. म्हणून मी कपिल सरकडं गेलो. (सर म्हणजे शाळेतला नाही. मागच्या उन्हाळ्यापर्यंत हा पोट्टा कुलरच्या मोटरी बांधून देत होता. यंदा त्यानं दुकानात वजनाचा काटा मांडला अन् सर झाला.) मी त्याले म्हटलं, डॉक्टर अर्धा भात सांगते. तो असा हसला की मलेच लाज वाटली. म्हणे, काका, जहर अर्धं खाता काय तुम्ही? मले ते तिथंच पटलं.

सरचं गणित सोपं होतं. माणसाले कार्बोहायड्रेट लागतच नाही. भात, भाकर, पोळी, गूळ, साखर, आलू, सगळं बंद. अंडी, मटन, पनीर, तूप चालू. आदिमानव काय सकाळी उठून भाकर थापत होता काय? नाही. झालं ना, मग विषय संपला. (आदिमानवाले भाचीची सोयरीक पाहायले जायचं नव्हतं, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आलं नाही.) लगेच मले त्यायच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं. ग्रुपचं नाव 'पीठमुक्त दिग्रस'. तिथं सकाळी गुड मॉर्निंग म्हणायचं नाही, ताटाचा फोटो टाकायचा, अन् कोणाच्या फोटोत पोळीचा कोपरा दिसला की दिवसभर त्याले धुवायचं. एका मास्तरच्या फोटोत मागं भिंतीवर कणसाचं चित्र होतं, त्यालेही सोडलं नाही.

आता आपल्या जिल्ह्यात पिकते काय ते पाहा. कापूस, सोयाबीन, तूर. कापूस खाता येत नाही (सरनं अजून करून पाह्यलं नाही म्हणून, नाही तर तोही सांगतला असता). सोयाबीन आपण ट्रॉली भरभरून विकतो, पण घरात शिजवलं तर म्हशी वळून पाहतात. राह्यली तूर, तर सर म्हणते वरणातही कार्ब आहे. वरणात! ज्या वरणावर मी वाढलो, तू वाढली, भाऊजी वारले तेव्हा ज्याच्या घोटावर आपण उठून बसलो, ते वरण गुन्हेगार निघालं. मी ते सोडलं. मग माझं काय झालं ते तुझ्यासारख्या वडील बहिणीले लिहू नये, पण विमलनं सांगतलंच असन, म्हणून लिहितो. सकाळी लोटा घेऊन गेलो तर अर्धा पेपर वाचून होईपर्यंत परत येणं नव्हतं, अन् येणं झालं तरी रिकाम्या हातानं. तोंडाले असा वास यायचा की विमलनं तिची बाज उचलून अंगणात नेली. वर चिडचिड. कुकरची शिट्टी झाली की मले रडू यायचं. शेजारच्या घरी आलूबोंडे तळले तर मी भिंतीले टेकून उभा राहायचो, अन् विमलनं काय करून राह्यले विचारलं की भिंतीची ओल पाहून राह्यलो म्हणायचो. पँट मात्र ढिली झाली. बेल्टले खिळ्यानं नवीन छेद पाडला त्या दिवशी मी ग्रुपवर बेल्टचा फोटो टाकला अन् पाच मिनिटांत टाळ्याच टाळ्या. नलूबाई, माझ्यासाठी जन्मात कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. बुद्धी तिथंच फिरली.

अन् नेमका त्यातच तुझा निरोप आला की फुलसावंगीची मंडळी बोलावून राह्यली, माझा पाय प्लास्टरमध्ये, तू अन् विमल जाऊन घर पाहून या. तू फोनवर बजावलं होतं, की आपल्याकडं पोरीच्या मामानं पोराच्या घरी पहिला घास घेतला की पसंती, मग बाकीची पंगत हात लावते. तेव्हा जे वाढतील ते दोन घास तरी गोड मानून खा. मी हो म्हटलं. ऐकलंही होतं. पण त्या वेळी माझ्या समोर बशीत पनीर होतं अन् मन सगळं त्यात.

निघताना मी डब्यात चार अंडी उकडून घेतली, कारण सरचा नियम, बाहेरच्या घरी जाताना आपलं खाणं आपल्यासोबत. मे महिन्यातली दुपार, खिडकीची काच अडकलेली, अन् बसमध्ये माझ्या मांडीवर तो डबा. पुसदच्या पुढं वास सुटला. कंडक्टरनं दोनदा गाडी थांबवून टायर पाह्यलं. मागच्या सीटवरची बाई पोराले मारून राह्यली होती, खरं बोल, तूच ना? पोट्टं रडून राह्यलं होतं. विमलनं माझ्याकडं असं पाह्यलं की मी डब्यावर रुमाल बांधला अन् खिडकीतून पळसाची झाडं मोजत बसलो.

फुलसावंगीत मानपान एकदम झकास. ओसरीत सतरंजी, कुलर लावलेला, बाबासाहेबाच्या फोटोले ताजा हार. पोरगा संघर्ष स्वतः पाय धुवायले पाणी घेऊन आला (वीज मंडळात वायरमन आहे, हाताले चटके लागलेले, पण बोलणं किती नम्र!). शरबत आलं. मी नाही म्हटलं. पोहे आले. नाही म्हटलं. चहा बिनासाखरेचा मागतला, तर त्याची आई मथुराबाई आत गेली अन् दुसरा ठेवला, दूध जास्त टाकून, मले साखरेचा त्रास असन म्हणून. इतकी समजदार बाई! अन् संघर्षचा आजा नानाजी, पांढरं धोतर, काठी मांडीवर, प्रत्येक वेळी मी नाही म्हटलं की फक्त माझ्या हाताकडं पाहून राह्यला. मी मनात म्हणतो, बुढ्यावर आपल्या निग्रहाची छाप पडून राह्यली.

मग पंगत बसली. मले मधात बसवलं, मामा म्हणून. अन् ताटात सरगुंडे! आठवते तुले, माय करत होती? कणकेची बारीक दोरी काडीवर वळायची, धोतरावर वाळवायची, पाव्हणा आला की उकडायची अन् आंब्याच्या रसात घालून वरून तूप सोडायचं. मथुराबाईनं सोयरिकीची बोलणी सुरू झाली तेव्हापासून सरगुंडे वळायले घेतले होते, बोटं सुजली होती तिची, हे विमलले आतल्या बायायनं सांगतलं. सगळी पंगत हात आवरून माझ्याकडं पाहत होती. मथुराबाई तुपाची वाटी घेऊन उभी. अन् नलूबाई, तुझा भाऊ काय करते? तुझा भाऊ ताट बाजूले सारते, रुमाल सोडते, डबा उघडते. वर प्रवचन देते! मी म्हटलं, मथुराबाई, वाईट वाटून घेऊ नका, पण हे जे तुम्ही वाढलं ना, हे जहर आहे. कणीक जहर, रसातली साखर जहर. माणसाच्या शरीराले याची गरजच नाही. तुम्हीही सोडा. अन् मी एक अंडं ताटाच्या काठावर ठेवलं.

ते अंडं घरंगळलं. शेणानं सारवलेली जमीन, किंचित उतार. पंगतीसमोरून ते असं सावकाश निघालं की जसं त्याले माहीत होतं कुठं जायचं. सगळ्यायनं मान वळवून ते पाह्यलं. नानाजीच्या मांडीपाशी जाऊन थांबलं. बुढ्यानं ते उचललं, पुसलं, माझ्या डब्यात परत ठेवलं अन् म्हणे, आमच्या हातचं न खाणारे या गावात जन्मभर पाह्यले पाव्हणे, पण ते तरी घरून डबा घेऊन येत नव्हते.

संघर्ष बिचारा लगबगीनं बोलला, आबा, मामाची तब्येत ठीक नसन. किती मोठ्या मनाचा पोट्टा! त्यानं मले वाचवायले दोर टाकला. अन् मी तो दोर पकडायच्या ऐवजी छाती काढून म्हटलं, तब्येतीले काही झालं नाही, एकदम फर्स्ट क्लास आहे! मग मथुराबाईनं तुपाची वाटी खाली ठेवली अन् आत गेली. पंगत तशीच उठली. परतीच्या बसमध्ये विमल बायायच्या सीटवर जाऊन बसली अन् दिग्रसपर्यंत एकच शब्द बोलली: उतरा. दुसऱ्या दिवशी नानाजीचा तुले फोन आला, पाव्हण्यायले आमचं अन्न चाललं नाही, तेव्हा पोरीसाठी दुसरं घर पाहा. पुढचं तुले माहीतच आहे.

मी तीन दिवस ग्रुपवर नानाजीले नावं ठेवली. म्हटलं, जुन्या काळचा माणूस, विज्ञान समजत नाही. सगळे म्हणाले बरोबर आहे काका. मग चौथ्या दिवशी तो डबा घासताना मले आपला आजा आठवला. पाटलाच्या अंगणाबाहेर बसून, वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं पिणारा. हे आपण मायच्या तोंडून किती वेळा ऐकलं! त्या माणसाचा नातू मी, अन् मी आपल्याच माणसाच्या घरी, आपल्या पोरीच्या होणाऱ्या सासूसमोर, माझं सोवळं डब्यात भरून घेऊन गेलो. सोवळं अंड्याचं असलं म्हणून काय झालं? लाज वाटली नलूबाई, सरळ लिहितो. नळाखाली डबा धरून उभा राह्यलो अन् टाकी रिकामी झाली तरी समजलं नाही.

आता माणसाले कार्बोहायड्रेट लागते की नाही, हे डॉक्टरीण बाई अन् कपिल सर आपसात पाहून घेतील. मले वाटते, डॉक्टरीण बाईचं खरं असन, अर्धा भात अन् बसस्टँडपर्यंत पायी. एकट्या माणसाले एखाद्या वेळी नसनही लागत, सर अजून जिवंत आहे. पण दोन घरायले लागते. आजवर कोणती सोयरीक उकडलेल्या अंड्यावर जुळली ते मले दाखव. पनीर वाटून कोणी पोरगं पास झाल्याचं सांगत नाही. भांडण मिटलं तरी आपण चहा पाजतो अन् त्यात साखर जरा जास्तच टाकतो. हे मले छपन्नाव्या वर्षी समजलं, अन् तेही भाचीचं नुकसान करून.

असो. मी काही मागत नाही. तू वडील, शिव्या द्यायचा हक्क तुझा आहे. फक्त त्या देता याव्या म्हणून तरी नंबर मोकळा कर. पायाले जप, विमलले सांग की बाज परत घरात घेतली आहे, अन् वैष्णवीले माझा आशीर्वाद सांग, घेत असन तर.

तुझा नालायक पण सख्खा भाऊ,
धर्मपाल

ता.क. हे पत्र मी दिग्रसहून लिहीत नाही. फुलसावंगीत, मथुराबाईच्या ओसरीत बसून लिहून राह्यलो. सकाळच्या पहिल्या बसनं आलो, डब्याशिवाय. मथुराबाईले हात जोडून म्हटलं, त्या दिवशीचं उरलं असन तर वाढा. तिनं सरगुंडे उकडायले चुलीवर पाणी ठेवलं. नानाजी म्हणते, पाव्हणे, हे जेवण भुकेचं का सोयरिकीचं? भुकेचं असन तर बसा, भुकेल्याले या घरात कोणी काही विचारत नाही, सरळ वाढते. सोयरिकीचं असन तर पोरीच्या आईचा शब्द आणा. म्हणून हे सगळं लिहायले बसलो. माझं काम एवढंच: शब्द दे. ताट समोर वाढलेलं आहे अन् मी हात आवरून बसलो आहे.

ता.क. दुसरं. पत्र तुले पोचेपर्यंत संध्याकाळ होईन हे आत्ता ध्यानात आलं. नाही थांबवलं गेलं. मी नानाजीले म्हटलं, माझ्या बहिणीचा शब्द माझ्यापाशी आहे (नव्हता), अन् पहिला घास घेतला, सोयरिकीचा म्हणून. बुढ्यानं डोळे बारीक करून पाह्यलं अन् सुनेले म्हणे, तूप वाढ. मथुराबाईनं तीनदा वाढलं अन् तिसऱ्या वेळी हसली. ताटाचा फोटो 'पीठमुक्त दिग्रस'वर टाकला. सरनं मले काढून टाकलं. म्हणजे आता मी तिकडूनही ब्लॉक आहे.

ता.क. तिसरं, अन् शेवटचं. ही चिठ्ठी घेऊन तुझ्या दारात जो हेल्मेटवाला पोरगा उभा आहे, त्याले कुरिअरवाला समजून तिथूनच वाटे लावू नको. तो संघर्ष आहे. उन्हातून एवढ्या लांब गाडी हाणत आला. माझ्यासोबत पंगतीले बस म्हटलं तर म्हणे, मामा, तिकडून उत्तर आल्याशिवाय मी कसा जेवू? तुले नाही म्हणायचं असन तर बोलायची गरज नाही, गार पाणी पाजून परत पाठव, तो समजून जाईन अन् तुले काही बोलणारही नाही. पण हो असन, तर विमलले भात टाकायले सांग. अन् ताटं दोन वाढ. वैष्णवीनंही त्या दिवसापासून धड खाल्लं नाही म्हणे.